शाई न उधळता प्रिंटरचं नोझल मोकळं करणं

इंकजेट प्रिंटरच्या प्रिंटवर पांढऱ्या रेघा आल्या की लगेच हेड क्लीनिंग (शाई सोडणारं हेड शाई ओढून साफ करणारी मेनूमधली कमांड) मारू नका. आधी नोझल चेक, म्हणजे हेडची कुठली बारीक छिद्रं बंद आहेत ते दाखवणारं चाचणीचं पान काढा, त्याला शाई नाममात्र लागते. क्लीनिंगमध्ये मात्र बहुतेक वेळा चारही रंग ओढले जातात आणि ती शाई थेट वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या आतल्या पॅडमध्ये जाते. पॅड भरलं की प्रिंटर अडूनच बसतो.

एकाच रंगाच्या दोन-तीन रेघा तुटत असतील, तर त्याच रंगाने भरलेलं एक पान हाय क्वालिटीवर काढा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा. मग रात्रभर थांबा. वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो, शिवाय नळीत हवा शिरली असेल तर तीही वर सरकते. लागोपाठ पाच वेळा क्लीनिंग केल्यास हवा उलट जास्त ओढली जाते.

तरीही रंग गायबच असेल, तर हेड ज्या रबरी कॅपवर टेकतं तिथे ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचे चार-पाच थेंब सोडा, हेड परत त्यावर आणून रात्रभर ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी, कोल्हापुरात राजारामपुरीत कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळेल. नळाचं नको, त्यातले क्षार छिद्रांतच बसतात. अ‍ॅसिटोन तर अजिबात नको.

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचा स्विच मध्येच पाडला की हेड कॅपवर न जाता उघडं राहतं आणि कोल्हापूरच्या एप्रिलच्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहा.