नवी सनद, कोणती शाखा? निवडताना या चुका टाळा

वकिलीची सनद हातात पडली की पहिला प्रश्न ठरलेला: "कशात स्कोप आहे?" बाररूमपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत उत्तर द्यायला सगळे तयार असतात. कुणी कॉर्पोरेट सांगतं, कुणी सायबर, कुणी रेरा (घरखरेदी-बिल्डरांचा कायदा). माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. तुम्ही जिथे बसणार आहात तिथल्या कोर्टात आणि कचेऱ्यांत कोणती कामं येतात, ती नव्या वकिलाच्या हाती कशी लागतात आणि पहिली फी कधी मिळते, हे तीन प्रश्न आधी विचारा. बहुतेक चुका हे न विचारल्यामुळेच होतात.

गाव न पाहता शाखा ठरवणे

दिवाळखोरी कायद्यात पैसा आहे, हे खरं. पण महाराष्ट्रातल्या कंपन्यांची ती प्रकरणं मुंबईच्या एनसीएलटीपुढे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे) चालतात. बार्शीत किंवा चोपड्यात ऑफिस थाटून ती शाखा धरणार असाल तर फाइल येणार कुठून?

तालुक्याचं मुख्य काम जमिनीचं आहे आणि नवे वकील नेमकं त्यालाच नाक मुरडतात. एक नेहमीचा प्रसंग घ्या. वडील वारले, भावांनी वारस नोंद करून घेतली, त्यात बहिणीचं नाव नाही. फेरफारावर (हक्कबदलाच्या नोंदीवर) हरकत घ्यायची, महसूल अधिकाऱ्यापुढे सुनावणी चालवायची, निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील करायचं. तेवढ्यात भाऊ जमीन विकायला निघतात. म्हणजे दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा आणि सोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत विक्री थांबवण्याचा अर्ज. एका सातबाऱ्यातून एवढं काम निघतं. ज्याला जुने फेरफार क्रमाने लावून वाचता येतात, त्या ज्युनिअरला सीनियर स्वतःहून बोलावून घेतात. पण हे वाचन कॉलेजात कुणी शिकवत नाही. तलाठी कार्यालयात बसून शिकावं लागतं.

मुंबई, ठाणे, पुण्यात हीच जागा सोसायट्यांच्या कामाने घेतली आहे. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने टाळलं तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेणं), पुनर्विकासाचे करार, थकबाकी वसुली, महारेरातल्या तक्रारी. कमिटीचं एक काम नीट केलंत की शेजारची सोसायटी दार ठोठावते.

नकाशाही बदलतो आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या मुलांना रिट आणि अपिलाचं काम शिकायला आता मुंबईत खोली घ्यावी लागत नाही. सेवाविषयक प्रकरणं, शिक्षकांच्या मान्यता, भूसंपादन यांत रस असेल तर या भागातल्या नव्या वकिलांना इतकी चांगली वेळ पूर्वी नव्हती.

पैसा किती हे पाहणे, केव्हा हे न पाहणे

जामिनाच्या कामात फी लगेच मिळते. दिवाणी दाव्यात थोडी सुरुवातीला, बाकी तारखांवर, आणि दावा वर्षानुवर्षं चालतो. मोटार अपघाताच्या दाव्यात बहुतेक पक्षकार निवाड्याची रक्कम आल्यावरच फी देऊ शकतात. नुसत्या अपघात दाव्यांवर पहिली दोन वर्षं काढायला निघालेल्यांची फार ओढाताण होते.

म्हणून सुरुवातीला चेक बाउन्सचं काम जरूर करा. कलम १३८ ची फाइल लहान असते आणि ती तारखांची शिस्त लावते. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती समोरच्याला मिळाल्यापासून १५ दिवस वाट, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. फिर्यादीचा उशीर कोर्ट सबळ कारणासाठी माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. म्हणून पक्षकार समोर बसला की आधी बँकेचा मेमो मागा आणि त्यावरची तारीख स्वतः वाचा.

सीनियरकडे रुजू होताना पैशांचं बोलायला लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. ते बंधनकारक नाही आणि अनेक ठिकाणी त्याच्या जवळपासही मिळत नाही. तरी आकडा विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोर्टात उभं राहायला मिळेल का, हे विचारा. दोन वर्षं फक्त तारखा घेत फिरलेल्या ज्युनिअरला उलटतपास येत नाही.

क्रिमिनल म्हणजे बदनामी, असं समजणे

मुलींना घरून सर्रास सांगितलं जातं: "फॅमिली कोर्ट बघ, क्रिमिनल नको." या सल्ल्याने चांगल्या वकील मुलींचं किती नुकसान झालं आहे! फौजदारी कामात उलटतपास लवकर शिकायला मिळतो, आणि तो पुढे कुठल्याही शाखेत उपयोगी पडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. नवी कलमं सीनियरही नव्याने पाहतात. जुनी आणि नवी कलमं दोन्ही तोंडपाठ असलेला ज्युनिअर आज चेंबरमध्ये हवाच असतो.

विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत सहायक पदांसाठी अगदी थोड्या अनुभवाचे वकीलही घेतले जातात. ठरलेलं मानधन मिळतं आणि सेशन्सचं काम जवळून पाहता येतं. मात्र त्या काळात खाजगी प्रॅक्टिस करता येत नाही.

फॅमिली कोर्ट निवडायचंच असेल तर ते सोपं म्हणून निवडू नका. पोटगीच्या प्रकरणात २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. बँक खाती, कर्जं, आयकर विवरणपत्रं वाचता आली नाहीत तर तुमच्या पक्षकार बाईंचं नुकसान होतं.

नोकरी धरली, सनद तशीच ठेवली

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही. कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरी वाईट नाही. करार लिहायची आवड असेल तर मुंबई-पुण्यात ती उत्तम वाट आहे. पण न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर हिशेब आधी मांडा. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ धरला जातो, न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. कंपनीच्या लीगल विभागातली वर्षं मात्र यात मोजायला जाऊ नका. आणि दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून, न्यायिक अधिकाऱ्याच्या दुजोऱ्यासह लागतो. तेव्हा वकीलपत्रांवर तुमचं नाव आणि रोजनाम्यात तुमची हजेरी पहिल्या दिवसापासून येऊ द्या.

चुकीच्या शाखेत अडकला असाल तर

लगेच चेंबर सोडू नका. विधी सेवेच्या पॅनेलवर अर्ज करा, ग्राहक आयोगात एखादी तक्रार चालवून पाहा. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तू-सेवांची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात आणि प्रक्रिया दिवाणी दाव्यापेक्षा सुटसुटीत आहे. नव्या शाखेतल्या दोन-तीन फाइली शेवटपर्यंत नेल्यावर मग ठरवा. सीनियर बदलायचा झाला तर चालू प्रकरणांची यादी, पुढच्या तारखा आणि कुठे म्हणणे (लेखी उत्तर) द्यायचं बाकी आहे ते लिहून हाती द्या. त्यांचे पक्षकार सोबत नेऊ नका. एखादा पक्षकार स्वतःहून आलाच, तर आधीच्या वकिलांची ना हरकत घेतल्याशिवाय वकीलपत्रावर सही करू नका.