खडीच्या घाटात गाडी घसरते ती ब्रेकपायी! या चुका टाळा

कन्नडचा औट्रम घाट डांबरी आहे, तिथे खडीचा धाक नाही. पण गौताळ्याच्या जंगलातून अंतूर किल्ल्याकडे निघालात, किंवा पाटोद्याकडे बालाघाटातल्या एखाद्या वाडी-तांड्याची वाट धरलीत, की खाली मुरूम अन् वर सुटी खडी. काम काढलेल्या रस्त्यावर तर खडी पसरूनच ठेवलेली असते. डांबर कधी पडणार ते ठेकेदाराला ठाऊक. अशा ठिकाणी मोटरसायकलवरचा माणूस वेगापेक्षा भलत्या जागी दाबलेल्या ब्रेकने जास्त पडतो, असं माझं मत आहे.

पहिली चूक आपल्याकडे घरोघरची. पेट्रोल वाचतं म्हणून उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायची. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रमचे लायनर तापले की ब्रेक धरत नाही, डिस्कचं ऑइल उकळलं की लिव्हर पोकळ होऊन मुठीला टेकतो. जळका वास आला तर थांबा, ब्रेक आपोआप गार होऊ द्या, वर पाणी ओतू नका. साधा हिशेब असा: जो चढ ज्या गिअरला चढला असता, तो त्याच गिअरला उतरायचा, आणि क्लच सोडलेला ठेवायचा. क्लच दाबून उतरणं म्हणजे न्यूट्रलच.

दुसरी चूक वळणात ब्रेक दाबण्याची. वेग काय कमी करायचा तो वळणाआधी, गाडी सरळ उभी असताना. खडीवर कललेल्या गाडीचं पुढचं चाक अडकलं की सावरायला वेळच मिळत नाही. ‘मी फक्त मागचाच दाबतो’ म्हणणाऱ्यांनी आपली गाडी नीट बघावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा जोडब्रेक) किंवा एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आणि सीबीएसच्या बहुतेक मोटरसायकलींवर पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे खडीवर पायसुद्धा हलकाच हवा. एबीएस असलं तरी निश्चिंत राहू नका. सुट्या खडीच्या उतारावर ते चाक सारखं धरतं-सोडतं आणि गाडी थांबायला जास्तच अंतर घेते.

पुढचं चाक सरकल्यासारखं वाटलं तर लगेच ब्रेक सोडा, हँडल करकचून धरू नका. चाक फिरायला लागलं की गाडी बऱ्याचदा आपणच सरळ होते. मागचं थोडं डुलत असेल तर डुलू द्या.

जीप-ट्रॅक्टरची चाकोरी सोडू नका. मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला खडी साचलेली असते. अपवाद एकच: पुढचं दिसत नसलेलं वळण. तिथे चाकोरी उजवीकडून गेली असली तरी आपण डावीकडेच राहायचं, हॉर्न द्यायचा.

आता चढ. ऐन चढावर गाडी बंद पडली की हात आपसूक पुढच्या ब्रेकवर जातो, आणि चाक अडकलेल्या अवस्थेत गाडी मागे घसरायला लागते, कारण वजन सगळं मागच्या चाकावर असतं. पहिला गिअर असू द्या, क्लच सोडा. बंद इंजिनच चाक धरून ठेवतं. मग डावा पाय टेका, उजव्याने मागचा ब्रेक दाबा, डबल सीट असाल तर मागच्याला उतरवा. खताचं पोतं कॅरिअरला बांधलेलं असेल तर पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं, ते पोतं टाकीजवळ घ्या. क्लच दाबून सेल मारा आणि रेस बेताची ठेवून क्लच हळूहळू सोडा. चाक जागेवर फिरून खडी उडवायला लागलं की रेस वाढवू नका, कमी करा. नाहीतर खड्डाच पडतो.

हवा थोडी कमी केली तर पकड सुधारते हे खरं, पण नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआयहून जास्त कमी करू नका. ट्यूबचं टायर असेल तर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चेपते, आणि तांड्यावर पंक्चरवाला मिळेलच असं नाही. खाली उतरून डांबर लागलं की पहिल्या पंपावर हवा भरून घ्या.