साठीनंतर पोटातल्या जिवाणूंना काय वाढावं

आधी एक कागद घ्या. घरातल्या वयस्कर माणसाच्या पोटात गेल्या आठवड्यात किती प्रकारची धान्यं, डाळी, भाज्या आणि फळं गेली, ते लिहून काढा. माझ्या बाबांची यादी पोस्टकार्डावर मावली आणि तरी जागा उरली. कवळी टोचायची म्हणून चावावं लागणारं सगळं त्यांनी हळूहळू सोडलं होतं, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं, पोट नाजूक झालं.

वयानुसार बिफिडोसारखे आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी होतात, हे खरंच. पण ताटाचाही हात असतो. आयर्लंडमध्ये १७८ वृद्धांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार जास्त, कायम काळजी केंद्रात राहणाऱ्यांच्या पोटात कमी. आणि हा फरक आहाराशी जुळत होता. आधी अशक्तपणा की आधी आहार, हे त्यातून ठरत नाही. धान्यं, डाळी, भाज्या आणि फळांतल्या तंतूंचं (फायबरचं) काम मात्र स्पष्ट आहे: आपल्याला न पचणारे तंतू जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं एक छोटं मेदाम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

म्हणून पहिली फेरी दंतवैद्याकडे. मग आठवड्याला एकच नवा पदार्थ, तोही दोन चमच्यांपासून. घाई केली की पोट फुगतं आणि माणूस पुन्हा ताटाला हात लावत नाही. डाळी भिजवून मऊ शिजवा. भाजीचं सूप मिक्सरमधून काढा, पण गाळू नका. तंतू वाटल्याने जात नाहीत, गाळल्याने जातात. शिजवून गार केलेला बटाटाही जिवाणूंना चालतो. सोबत पाणी वाढवा.

दही रोज असू द्या. प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलवर मी पैसे घालत नाही. डॉक्टरांनी कारण सांगून दिली तर गोष्ट वेगळी.

औषधांची पिशवीही एकदा डॉक्टरांसमोर रिकामी करा. अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी जिवाणूंचं गणित बदलतं. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी अजून लागते का, एवढंच विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, फळं आणि पाणी वाढवण्याआधीच विचारा. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा गिळताना अडकणं दिसलं, तर आहाराचे प्रयोग थांबवून थेट तपासणीला जा.