सीए-१२५ वाढलेला दिसला तर

अंडाशयाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर सीए-१२५ हा मार्कर, म्हणजे आजाराचा माग देणारा रक्तातला घटक, अधूनमधून तपासतात. शनिवारी रात्री लॅबचा मेसेज येतो: सीए-१२५, ४८. शेजारी 'हाय'. गेल्या वेळी १४ होता, आणि ओपीडी मंगळवारी आहे.

आधी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून लॅबचं नाव आणि तपासणीची पद्धत वाचा. मागचा रिपोर्ट ठाण्यातल्या घराजवळच्या लॅबचा आणि हा खारघरचा असेल, तर आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. प्रत्येक कंपनीचं किट थोडं वेगळं मोजतं. म्हणून लॅब एकच धरा, चार पैसे जास्त पडले तरी.

मग गेले काही आठवडे आठवा. पोटाचं ऑपरेशन, पोटातला किंवा छातीतला संसर्ग, टीबी, लिव्हरचा किंवा हृदयाचा त्रास, यांपैकी कशानेही हा मार्कर वाढतो. असं काही झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. केमोनंतर केस यावेत म्हणून अनेकजणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो, त्यामुळे रक्त देण्याआधी लॅबला विचारा आणि गोळ्या कधी बंद करायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. उपाशी राहायची मात्र गरज नसते.

एका वहीत चार रकाने आखा: तारीख, आकडा, लॅब, त्या आठवड्यातली तब्येत. डॉक्टर एकाच आकड्यावर जात नाहीत, चढ बघतात. नेहमीची मर्यादा ३५. उपचारानंतर मार्कर नॉर्मल झाला असेल, तर तो ७० किंवा त्याहून वर जाणं आणि किमान आठवड्याच्या अंतराने पुन्हा तसाच येणं, हा आजार परतल्याचा संशय घेण्याचा मान्य निकष आहे. ४८ त्यात बसत नाही. पण १४, २२, ३१ असा सलग चढ ३५ च्या आत असला तरी दाखवायलाच हवा.

बहुतेक वेळा डॉक्टर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, गरज वाटली तर सीटी स्कॅन. हे थांबणं जिवावर येतं. 'उशीर तर होत नाही ना?' हीच भीती असते. याच प्रश्नावर युरोपात मोठा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता मार्कर वाढला म्हणून लगेच केमो घेतलेल्या बायका लक्षणं दिसेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. उलट त्यांचे बरे दिवस आधी संपले. आता काहीजणींना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा होतो, म्हणून 'स्कॅन कधी?' हे स्पष्ट विचारा.

रिपोर्ट कोणी उघडायचा ते आधीच ठरवा. लॅबला लेकीचा किंवा नवऱ्याचा नंबर देता येतो. त्यांनी आकडा लपवू मात्र नये, आवाजावरून कळतंच. रक्त सोमवारी-मंगळवारी द्या आणि ओपीडी त्याच आठवड्यात घ्या, म्हणजे शनिवार-रविवार आकडा उशाशी घेऊन काढावा लागत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. फोन फुकट आहे.

पोट फुगतंय, दोन घासांतच भरल्यासारखं वाटतंय, असं दोन आठवडे टिकलं तर आकडा काहीही असो, तारीख अलीकडे घ्या. उलट्या होतायत आणि वारा-शौच बंद आहे, एक पाय अचानक सुजलाय किंवा दम लागतोय, तर मंगळवारची वाट बघू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. जाताना ती वही पिशवीत टाका.