गॅरेजमध्ये मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे

न्यू जर्सी आणि त्याच्या आसपासच्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परसबागेत मिरची, वांगी आणि टोमॅटो बहुधा असतातच. मात्र तिथला उन्हाळा आखूड असल्यामुळे या तिन्हींचे बी थेट जमिनीत टाकून भागत नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्री गारठ्याच्या असतात आणि तोवर थांबून बी पेरले, तर मिरच्या धरू लागेपर्यंत पुन्हा थंडी दारात येते. म्हणून रोपे आधीच घरात तयार करावी लागतात आणि त्यासाठी गॅरेजइतकी सोयीची जागा नाही, कारण तिथे माती सांडली किंवा पाणी गळले तरी कोणाची कुरकुर होत नाही. गॅरेजमधल्या थंडीला लोक बिचकतात. पण ती थंडी मुख्यतः बी उगवेपर्यंत आडवी येते, त्यानंतर टोमॅटोला तर तिचा उपयोगच होतो.

मिरची आणि वांग्याला बाहेर लावण्याआधी आठ ते दहा आठवडे लागतात, टोमॅटोला सहा ते आठ पुरतात. त्यामुळे मिरची-वांगी मार्चच्या मध्यावर आणि टोमॅटो मार्चअखेर पेरावा. टोमॅटोची घाई करू नये. जागेअभावी वेडीवाकडी वाढलेली जुनी रोपे बाहेर लावल्यावर लवकर सावरत नाहीत. भेंडीला मुळे हलवलेली खपत नाहीत, तेव्हा ती माती तापल्यावर जागेवरच पेरलेली बरी. बियाणे तिथल्याच विक्रेत्यांकडून घ्यावे. गावाकडची लवंगी मिरची बॅगेत टाकून नेण्याचा मोह होतो खरा, परंतु आवश्यक सरकारी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत बी नेता येत नाही.

ट्रे भरण्यासाठी बागेतली माती वापरू नये, कारण ती घट्ट बसते आणि तिच्यासोबत बुरशीही येते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र खडे, मिसळलेले तयार मिश्रण आणून ते आधी एका घमेल्यात भिजवावे. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, बोटांतून फार तर एखाद-दुसरा थेंब यावा आणि गोळा टिचकीने फुटावा, इतका वाफसा असला की ट्रे भरावेत. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून वरून पातळ प्लॅस्टिक झाकावे.

आता थंडीचा प्रश्न. मिरचीच्या बियांना २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली तर ती साधारण एक ते दोन आठवड्यांत उगवतात. १५ अंशांच्या आसपास मात्र ती कित्येक आठवडे तशीच पडून राहतात आणि पुष्कळदा कुजतात. यासाठी संपूर्ण गॅरेज तापवण्याची गरज नाही. ट्रेखाली विजेवर तापणारी चटई, म्हणजे हीट मॅट, ठेवावी; तिला ठरावीक तापमान राखणारा थर्मोस्टॅट असावा आणि थर्मोस्टॅटची तार मातीत खुपसावी, कारण महत्त्व हवेच्या नव्हे तर मातीच्या तापमानाला आहे. गार फरशी उष्णता ओढून घेते, तेव्हा मॅटखाली थर्माकोलची शीट घालावी.

मातीतून पहिला हिरवा आकडा वर आला की त्याच दिवशी प्लॅस्टिक काढावे आणि दिवा लावावा. गॅरेजच्या खिडकीतल्या उजेडावर विसंबलेली रोपे दोन-तीन दिवसांत दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडतात. चार फुटी साधे पांढरे एलईडी दिवे पुरेसे आहेत, महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. पण ते साखळीने टांगून रोपांच्या शेंड्यापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर ठेवावेत, रोपे वाढतील तसे वर उचलावेत आणि टायमर लावून रोज चौदा ते सोळा तास चालू ठेवावेत. टोमॅटोची मॅट यानंतर बंद करावी, कारण १५ ते १८ अंशांच्या गारव्यात त्याची रोपे बुटकी आणि जाड खोडाची होतात. मिरची-वांग्याला एवढा गारवा सोसत नाही, त्यामुळे त्यांची मॅट २१ अंशांवर आणून चालूच ठेवावी.

रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडू लागली, तर तो बुरशीचा रोग असतो आणि ती रोपे वाचत नाहीत. पाणी वरून न घालता खालच्या ताटात ओतावे, अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकावे आणि एक लहान पंखा मंद फिरता ठेवावा, म्हणजे हा रोग बराच टळतो. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून उभी करू नये. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या जिवावर बेततो, आणि त्याच धुरातल्या इथिलीनने टोमॅटोची पाने खाली वळतात. गॅरेजचे दार उघडताच गार वारा थेट अंगावर येणार नाही, अशा आतल्या भिंतीला रॅक लावावा.

बी उगवताना येणाऱ्या पहिल्या जोडपानांनंतर दोन खरी पाने फुटल्यावर प्रत्येक रोप स्वतंत्र कुंडीत हलवावे. हलवताना पान धरावे, खोड नव्हे. टोमॅटोचे खोड पानांपर्यंत मातीत गाडले तरी त्याला मुळे फुटतात. मिरची-वांगी मात्र पूर्वीच्याच खोलीवर लावावीत. नवीन पाने फिकी दिसू लागली, तर पाण्यात विरघळणारे खत अर्ध्या मात्रेने आठवड्यातून एकदा द्यावे.

मेच्या सुरुवातीपासून रोपांना बाहेरची सवय लावावी. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे अधिक ऊन, असे आठ-दहा दिवस करावे. थेट उन्हात ठेवल्यास पाने पांढरी पडतात. रात्रीचे तापमान सलग १३ अंशांच्या वर राहू लागले की मिरची आणि वांगी संध्याकाळच्या वेळी वाफ्यात लावावीत. टोमॅटो त्याआधी चार-आठ दिवस लावला तरी चालतो.