डिझेलची वही: दोन-चार गाड्यांच्या मालकाने धूर कसा कमी करायचा

माझ्या पाच गाड्या पनवेलजवळच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून चालतात. तीन ट्रेलर, दोन दहाचाकी. कॉइल (पत्र्याची गुंडाळी), पत्रा, अँगल भरायचा आणि चाकण, रांजणगाव, कधी नाशिक. घर कामोठ्यात, हायवेपासून दोन इमारती आत. धाकटी झाली तेव्हा तिची दुपटी गॅलरीत वाळत घालायचे. संध्याकाळी काढताना जिथे दोरीवर घडी पडलेली असायची, तिथे काळी रेघ उमटलेली असायची. साबण लावून चोळलं तरी ती पुरती जायची नाही. त्या रेघेत माझ्याही गाड्यांचा धूर होता, हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. गाड्या मोजक्या, हप्ते चालू, नवी इलेक्ट्रिक गाडी उद्या घेता येणार नाही. तरीही बरंच करता येतं, आणि त्याची सुरुवात ड्रायव्हरला उपदेश करण्यापासून होत नाही. ती मालकापासून होते.

आधी वही

गाडीगणिक एक शंभर पानी वही घ्या. डिझेल भरलं की मीटरचा आकडा, लिटर, माल किती टन, कुठून कुठे, परत येताना भरलेली की खाली (म्हणजे रिकामी), एवढं लिहायचं. दर वेळी टाकी काठोकाठ, शक्यतो त्याच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून. अर्धी टाकी भरून काढलेला अ‍ॅव्हरेज फसवा असतो. पहिले तीन महिने काहीही बदलू नका, नुसतं लिहा. पावसात अ‍ॅव्हरेज पडतो, घाटात पडतो. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा काय हे आधी कळलं नाही, तर पुढे काय सुधारलं हेही कळणार नाही.

पहिल्या पानावर एक आकडा लिहून ठेवा: एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरसुद्धा नसतं, मग एवढं वजन येतं कुठून? डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो, त्याचं ते वजन. हे समजल्यापासून मला लिटर दिसला की किलो दिसतात.

मी पहिल्या महिन्यात एक चूक केली. ती वही मी चोरी पकडायला वापरली. दशरथकाका वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाडीवर आहेत. ते ऑफिसात आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, ही वही पाळत ठेवायला असेल तर तिच्यात तुम्हाला आवडतील तेच आकडे येतील." खरं बोलले. त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे त्या गाडीच्या ड्रायव्हरचे, दर महिन्याच्या ७ तारखेला रोख हातात. आणि लवकर पोहोचल्याचा जो जादा भत्ता मी देत होते, तो बंद. गाडी पळवायला मीच पैसे मोजत होते आणि वर धूर होतो म्हणून कुरकुरत होते. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. एक्स्प्रेसवेवर ट्रेलर ८० ने नेण्यात आणि ६० ने नेण्यात जो फरक आहे, तो वहीत एका ट्रिपमध्ये दिसतो.

उभी गाडी

न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत चार-पाच तास जाणं नवं नाही. इंजिन चालूच असतं. किती जळतं ते मला मोजायचं होतं. एका रविवारी यार्डात टाकी गळ्यापर्यंत भरली, इंजिन तासभर नुसतं चालू ठेवलं आणि मापाच्या डब्याने परत गळ्यापर्यंत भरलं. पावणेदोन लिटर गेलं. पाच तासांची रांग म्हणजे पावणेनऊ लिटर, एक फूटही न हलता. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल, म्हणून हे स्वतः करून बघा.

मग काकांना विचारलं, बंद का करत नाही? ते म्हणाले, "एकदा केबिनमध्ये बसून बघा." मे महिना, दुपारचे दोन, उरणकडचा रस्ता. मी दहा मिनिटं बसले. पत्रा तापलेला, खाली इंजिनची धग, खिडकी उघडी ठेवली तर धूळ आणि अंधार पडला की डास. पंखा बॅटरीवर चालतो, पण आमची बॅटरी जुनी. ती बसली तर सेल्फ लागत नाही, म्हणजे इंजिन पुन्हा चालू होत नाही, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली तर मागचे अंगावर येतात. म्हणून इंजिन चालू. इतकं साधं कारण होतं आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

तर आधी बॅटऱ्या बदला, सेल्फ नीट करून घ्या. केबिनला २४ व्होल्टचा पंखा, दोन्ही खिडक्यांना जाळी, पुढच्या काचेला आतून जाड पडदा, पाण्याचा मोठा जार. एवढं झालं की मग सांगा: पाच मिनिटांहून जास्त थांबणार असाल तर इंजिन बंद. फक्त घाट चढून किंवा भरल्या गाडीने मोठी ओढ देऊन आल्यावर लगेच चावी फिरवू नका. टर्बो तापलेला असतो, त्याला दोन-तीन मिनिटं द्या.

हवा

टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखणारे हुशार ड्रायव्हर मी पाहिलेत. तरी गेज लावा. वीस पौंड हवा कमी असलेला टायरही टॉमीला तसाच बोलतो. सकाळी, टायर गार असताना मोजायची. धावून आलेल्या तापलेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसते, म्हणून ती सोडायची नाही. जोडीतला आतला टायर सगळ्यांच्या हातून सुटतो, कारण नळी तिथे पोहोचत नाही. वॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या. माझ्या एका ट्रेलरच्या आतल्या टायरमध्ये निम्मीच हवा निघाली होती. बाहेरचा टायर दोघांचं वजन उचलत होता आणि कडेने झिजला होता. टायर एका बाजूनेच खात असेल तर अलाइनमेंट बघा. तेही डिझेलच खातं.

झिजलेल्या टायरची बॉडी चांगली असेल तर त्यावर नवं रबर चढवून घ्या, नव्या टायरच्या मानाने फार थोडा कच्चा माल लागतो. पार संपलेला टायर मात्र जाळणाऱ्याच्या हाती देऊ नका, चार पैसे जास्त देत असला तरी.

ताडपत्री फडफडत असेल तर तीही गाडीला मागे ओढते. दोरी कसून बांधायला दहा मिनिटं लागतात.

उतार

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना न्यूट्रल मारला की डिझेल वाचतं, ही समजूत अजून आहे. आताच्या इंजिनात उलटं घडतं. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल जाणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतः चालू राहायला डिझेल लागतं. आणि सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, पुढे काय होतं ते घाटात आपण सगळ्यांनी पाहिलंय. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. वही बघून बसला.

युरिया

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या कडक सरकारी मापात बसणाऱ्या आहेत, आणि त्यांच्यातल्या मोठ्या गाड्यांना सहसा युरियाची वेगळी टाकी असते. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. सायलेन्सरच्या तापात त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून ओतला तर क्षार साचून आतला महागडा भाग निकामी होतो.

एका मेकॅनिकने मला सांगितलं होतं, "एक छोटी चिप बसवतो, युरियाचा खर्चच संपेल." गाडीला वाटतं युरिया जातोय, प्रत्यक्षात विषारी धूर तसाच बाहेर. बऱ्याच गाड्यांना ती लावलेली असते, आपल्याला ठाऊक आहे. कृपा करून लावू नका. कळंबोली, तळोजा, कामोठे इथे आपलीच पोरं शाळेत जातात.

खाली परत येणं

सगळ्यात जास्त डिझेल वाया जातं ते इथे. चाकणला कॉइल उतरवली आणि रिकामा ट्रेलर कळंबोलीला आणला तर माझ्या वहीप्रमाणे सुमारे वीस लिटर जातं, आणि त्या वीस लिटरमध्ये एक किलो मालही हलत नाही. हवा, टायर, पंखा यांतून महिनाभरात जे वाचवाल, ते चार-पाच खाली फेऱ्यांत संपतं.

मी ट्रेलरना कंटेनर अडकवायचे लॉक बसवून घेतले. त्यामुळे जाताना कॉइल आणि येताना चाकणच्या कारखान्यातला निर्यातीचा कंटेनर थेट न्हावा-शेवाला. त्यासाठी आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत आम्ही चार ट्रान्सपोर्टवाले एकमेकांना कळवतो: कुणाची गाडी कुठे रिकामी होणार आणि कुणाकडे माल पडून आहे. आधी भीती वाटली की माझी पार्टी, म्हणजे माल देणारं गिऱ्हाईक, दुसरा पळवेल. म्हणून नियम केला: भाडं ज्याच्या पार्टीचं, बिल्टी (मालाची पावती) त्याची; दुसऱ्याने फक्त गाडी द्यायची. आजवर भांडण झालेलं नाही. परतीच्या मालासाठी चार तासांपर्यंत थांबतो. ड्रायव्हरला घरी जायचं असेल तर थांबवत नाही.

कंटेनरचं काम असेल तर आणखी एक बघा. तळोज्याच्या कारखान्यात आयातीचा कंटेनर रिकामा होतो, तो कंटेनर यार्डात परत जातो. त्याच वेळी शेजारच्या कारखान्यासाठी दुसरी गाडी यार्डातून रिकामा कंटेनर घेऊन निघते. दोन्ही फेऱ्या रिकाम्या. शिपिंग लाइनची परवानगी काढली आणि कंटेनर तपासून घेतला, तर तोच शेजारी देता येतो. कागदपत्रांचा त्रास आहे, पण मागे लागा.

लांब पल्ल्याचे कंटेनर रेल्वेने जावेत असं मी, माझाच धंदा असूनही, म्हणते. रुळावरच्या लोखंडी चाकाला टनामागे इतकी कमी शक्ती लागते की त्यापुढे आपला टायर कुठेच नाही.

वजन

एक फेरी वाचते म्हणून जादा भरू नका. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्यातून दिसलं की रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वीस टक्के जादा वजन म्हणजे नुकसान दुप्पट. मग सायन-पनवेलवर खड्डे पडतात, खड्ड्यापाशी ब्रेक, पुन्हा गिअर, पुन्हा धूर, आणि रस्ता दुरुस्त करायला लागणारी खडी कुठला तरी डोंगर फोडूनच येते. पारसिकचा डोंगर खाणींनी किती खाल्लाय ते ठाणे-बेलापूर रोडवरून दिसतं.

माझ्या ट्रेलरचा अ‍ॅव्हरेज लिटरला ३.२ किलोमीटरवरून ३.५ वर आलाय. महिन्याला पाच हजार किलोमीटर धरले तर गाडीमागे १३० लिटरच्या वर डिझेल वाचतं, म्हणजे तीनशे चाळीस किलो कार्बन डायऑक्साइड. गेल्या महिन्यात काकांनी त्यांचे पैसे घेतले आणि वही स्वतःच मागून घेतली.

वहीतून आणखी एक कळलं. माझी एक दहाचाकी दिवसाला १२० किलोमीटरच्या पुढे कधी जात नाही: कळंबोली, तळोजा, न्हावा-शेवा आणि रात्री यार्डात. पाचांपैकी इलेक्ट्रिक करता येण्यासारखी हीच. तिचं कर्ज पुढच्या दिवाळीत फिटतंय. तोवर तिच्या वहीत मी एक रकाना वाढवलाय: गाडी कुठे उभी होती, किती तास. चार्जर कुठे लागेल ते त्या रकान्यावरून ठरवणार आहे.