एमजीबीचे जुळे एसयू कार्ब्युरेटर घरी ट्यून करताना

एमजीबी ही उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये तयार होत होती. जुन्या गाडीवर स्वतः हात चालवायला शिकायचं असेल तर हिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. बॉनेट उघडलं की १७९८ सीसीचं इंजिन समोर मोकळं दिसतं, आणि हात घालायला जागाही भरपूर असते.

तरीही ही गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप घेत नाही, प्लग काळे करते अशा तक्रारी नेहमीच्या. मग लोक पाना घेऊन थेट जुळ्या एसयू कार्ब्युरेटरकडे वळतात, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या एसयू या ब्रिटिश बनावटीच्या जोडीकडे. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ), मग हवेची गळती, आणि त्यानंतर मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण). हा क्रम पाळला तर निम्म्या वेळा कार्ब्युरेटरपर्यंत जावंही लागत नाही. चुकलेल्या टायमिंगवर मिक्श्चर जुळवत बसलं की दुरुस्तीच्या नावाखाली दोन गोष्टी बिघडतात.

सुरुवातीची तयारी

पाने इंची मापाचे घ्या. मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' म्हणून वापरला की नटाचे कोपरे गोल होतात. काम उघड्यावर किंवा दार सताड उघड्या गॅरेजमध्ये करा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. १९६७ पर्यंतच्या गाड्या मुळात पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) आहेत, पण अनेक मालकांनी नंतर वायरिंग बदलून घेतलेलं असतं. म्हणून टायमिंग लाइटचे चिमटे लावण्याआधी बॅटरीची कोणती तार बॉडीला जोडली आहे ते डोळ्यांनी बघून घ्या.

टॅपेट, पॉइंट, टायमिंग

प्लग काढा, गाडी चौथ्या गियरमध्ये टाका आणि हळूहळू पुढे ढकला, म्हणजे इंजिन फिरतं. आठ व्हॉल्व्ह आहेत. समोरून मोजायला लागा. नऊचा हिशेब लक्षात ठेवला की पुरे: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना आठव्याची फट मोजायची, तिसरा दबलेला असताना सहाव्याची, पाचवा असताना चौथ्याची. बेरीज नेहमी नऊ. बहुतेक गाड्यांना ही फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच लागते. आपल्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडा एकदा ताडून बघा.

पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५. स्फोटाचा क्रम १-३-४-२. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलेलं असेल तर पॉइंटची पायरी वाचते. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकतं, पण मला ही सोय योग्य वाटते: बाहेरून काही दिसत नाही आणि टायमिंग हलत नाही.

गळती शोधा

इंजिन सुरू ठेवून थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याच्या दोन्ही टोकांना पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. आयडलिंगचा आवाज बदलला तर दांडा किंवा त्याची भोकं झिजली आहेत आणि तिथून जास्तीची हवा आत जाते आहे. अशा कार्ब्युरेटरवर मिक्श्चर कधीच टिकत नाही. आधी दांडा आणि बुश बदलून घ्या.

एसयू चालतो कसा

हे समजून घेतलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. वरच्या घुमटात एक पिस्टन असतो आणि त्याखाली निमुळती सुई. इंजिन जितकी हवा ओढतं तितका पिस्टन उचलला जातो, सुई वर येते, आणि जेटमध्ये सुईभोवतीची जागा वाढून पेट्रोल जास्त येतं. वेगवेगळे जेट नाहीत. एकाच जेटवर सगळा कारभार. घुमटातलं तेल पिस्टनला एकदम उसळू देत नाही, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर मिश्रण दाट होतं आणि पिकअप मिळतो. तेल आटलेलं असेल तर गाडी अडखळते, आणि त्याचा दोष बिचाऱ्या मिक्श्चरवर येतो.

एअर फिल्टर काढा, घुमट आणि पिस्टन काढून स्वच्छ पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, आणि पुढचा घुमट मागच्या पिस्टनवर कधीही नको. त्या जोड्या कारखान्यात एकमेकांना जुळवलेल्या असतात. घुमट परत बसवल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडा. तो खाली टेकताना 'टक' असा धातूचा स्वच्छ आवाज यायला हवा. नाही आला तर सुई जेटला घासते आहे. जुन्या, पक्क्या सुईच्या कार्ब्युरेटरमध्ये जेट मध्यावर आणावा लागतो. नंतरच्या, स्प्रिंगवर टेकलेल्या सुईला ते लागत नाही. घुमटात एसएई २० चं तेल भरा, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच येईल इतकं.

दोघांना एका सुरात आणा

इथे घाई करू नका. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा. दोन्ही थ्रॉटलना जोडणाऱ्या दांड्याच्या पकडी सैल करा आणि चोकची तार मोकळी आहे ना ते बघा. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा 'हिस्स' आवाज ऐका. दोघांचा आवाज सारखा येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. तंबोऱ्याची जोडीची तार लावताना कान जसा देतो तसाच इथे द्यायचा.

मग मिक्श्चर. १९७१ पर्यंतच्या एचएस४ कार्ब्युरेटरमध्ये खाली जेटचा षटकोनी नट असतो. तो वर नेला की मिश्रण पातळ, खाली आणला की दाट. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर जेट पुलाच्या (हवेच्या वाटेतल्या, पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पातळीला आणा आणि तिथून नट दोन पूर्ण फेरे खाली घ्या. त्यानंतरच्या एचआयएफ४ ला बाजूला स्क्रू असतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की दाट. अमेरिकेसाठीच्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांवर झेनिथ-स्ट्रॉमबर्गचा एकच कार्ब्युरेटर आहे. त्याची पद्धत वेगळी.

आता कार्ब्युरेटरच्या बाजूची पिन हळूच वर दाबा. आधी ती मोकळी हलते, मग पिस्टनला लागते. तिथून पुढे फक्त ०.८ मिमी. इंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर दाट. इंजिन लगेच पडायला लागलं तर पातळ. नटाची एकेक बाजू फिरवा, प्रत्येक वेळी थांबून ऐका. एका कार्ब्युरेटरचा परिणाम दुसऱ्यावर होतो, म्हणून पुढचा झाला की मागचा, आणि परत पुढचा. तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर अर्धा मिनिट २,५०० आरपीएमपर्यंत रेस देऊन इंजिन मोकळं करून घ्या. शेवटी पकडी घट्ट करा आणि दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतात ना ते खात्रीने बघा.

फिल्टर बसवून मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून या आणि प्लग काढा. फिक्या बिस्किटी रंगाचे असतील तर काम झालं. काजळी असेल तर मिश्रण दाट, पांढरट असेल तर पातळ. पातळ राहू देऊ नका, व्हॉल्व्ह जळतात.

पेट्रोलच्या नळ्या

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल), आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला आतून खातं. तिथे चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून २०१८ पासून सूट आहे, म्हणजे नळीला पडलेली भेग दुसरं कुणी दाखवून देणार नाही. प्रत्येक नळी दोन बोटांत वाकवून बघा, कार्ब्युरेटरजवळची आणि मागे पंपाजवळचीही. भेगा किंवा चिकटपणा दिसला तर आर९ छाप असलेली (इथेनॉल सोसणारी) नळी घाला, नव्या क्लिपांसह. शक्य असेल तेव्हा सुपर ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) भरा, आणि हिवाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीत तेच राहू द्या.